मिरवणुका, हॉर्न आणि झोप : आवाज मोजायचा कसा, कायदा नेमकं काय सांगतो, कान वाचवायचे कसे

निनाद_ठाणे (धागाकर्ता)

गणपती जवळ आले की आवाजाची चर्चा दोन वाक्यांत अडकते. 'वर्षातून दहा दिवस तर असतात' आणि 'आमच्याच सणांवर का?' पुढे सगळं भांडण श्रद्धेचं होतं आणि आरोग्याचा मुद्दा बाजूला पडतो. शरीराला आवाज कोणाचा आहे हे कळत नाही. ढोल, डॉल्बी, भोंगा, वरात, पाइलिंगचं यंत्र, बसचा हॉर्न, सगळ्यांचा हिशेब एकाच वहीत होतो: किती तीव्र आणि किती वेळ. औषधाच्या मात्रेसारखा. म्हणून या धाग्यात फक्त मात्रा, मोजमाप, कायदा आणि उपाय यावर लिहावं ही विनंती.

सुरुवात डेसिबलपासून, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत.

डेसिबलचं माप सरळ रेषेत वाढत नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. २० वाढले की ऊर्जा शंभरपट. म्हणजे ७५ च्या जागी ९५ वाजत असेल तर 'वीसच तर जास्त आहे' असं म्हणता येत नाही, ते शंभरपट आहे. उलट बाजूही ध्यानात घ्या. एकसारख्या सोळा खोक्यांपैकी आठ बंद केली तर कमी होतात फक्त ३ डेसिबल. 'आम्ही निम्मे स्पीकर काढले' हे मंडळाचं म्हणणं खरं असतं आणि शेजाऱ्याला फरक पडला नाही हेही खरंच असतं.

सरासरीचंही तसंच. तासाभरात ५० मिनिटं ५५ डेसिबल आणि १० मिनिटं ९५ डेसिबल असेल तर साधी सरासरी ६२ च्या आसपास येते. ती चुकीची. ऊर्जेवर काढलेली समतुल्य पातळी, जिला एलइक्यू म्हणतात, ती ८७ येते. आपल्या नियमांतले सगळे आकडे एलइक्यूचे आहेत. एखाद्या कार्यक्रमाच्या अहवालात 'सरासरी' लिहिलेलं दिसलं तर ती कशी काढली हे आधी विचारा.

---

कर्णवैद्य

चांगला धागा. कानाच्या बाजूने लिहितो.

अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने कामगारांसाठी घालून दिलेली मर्यादा ८५ डीबीए (कानाच्या संवेदनेप्रमाणे मोजलेले डेसिबल), आठ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. आपल्याकडे कारखान्यांसाठी ९० डीबीए, आठ तास अशी जास्त सैल मर्यादा आहे. आता १०० डीबीएच्या मिरवणुकीत सहा तास चालणाऱ्या माणसाचा हिशेब करा. १५ मिनिटांच्या मर्यादेत ३६० मिनिटं, म्हणजे दिवसाच्या मात्रेच्या २४ पट. यात ट्रॅक्टरवर बसवलेली लहान मुलंही आली आणि बंदोबस्ताला उभे असलेले पोलीसही.

आतल्या कानात शंखाकृती नळीत केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. जास्त आवाजाने त्या आधी थकतात. कान बंद झाल्यासारखे वाटतात, शिट्टी वाजत राहते, समोरच्याचं बोलणं कापसातून आल्यासारखं येतं. हे बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतं आणि म्हणून लोक विसरतात. पण या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास होतं. ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर) तिथे खाच दिसते. बोलण्यातले स, श, फ, थ हे आवाज वरच्या पट्टीतले, त्यामुळे अशा माणसाला 'ऐकू येतं पण कळत नाही', विशेषतः गर्दीत.

एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. आवाजानंतर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, किंवा शिट्टी आणि चक्कर दोन्ही सुरू झाल्या, तर 'उद्या बघू' करू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पहिल्या ७२ तासांत पोचा. अशा बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता सुरुवातीच्या दिवसांतच जास्त असते. कानात तेल घालू नका, मळ काढायला जाऊ नका.

---

मृण्मयी_जी

कर्णवैद्य, कानाचं बहुतेकांना पटतं. पण मिरवणुकीत न गेलेल्या, घरात बसलेल्या माणसाला त्रास होतो तो 'मानसिक' असं म्हणून उडवून लावतात. त्याबद्दल लिहाल का? हृदयविकार आणि रक्तदाबाचं नक्की काय सिद्ध झालं आहे?

---

कर्णवैद्य

मृण्मयी, बरोबर जागी बोट ठेवलंत. बहिरेपणासाठी खूप मोठा आवाज लागतो, बाकीच्या आजारांसाठी लागत नाही.

झोपलेल्या माणसाचेही कान उघडे असतात. आवाज मेंदूत पोचला की जाग न येताही नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल स्रवतात, गाढ झोप उथळ होते. सकाळी माणूस म्हणतो 'मला सवय झालीय, मी जागा होत नाही'. चिडचिडीची सवय होते, हृदयाच्या प्रतिसादाची तितकी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या रात्रीच्या आवाजाबद्दलच्या मार्गदर्शनात खोलीच्या आत ४२ डीबीएच्या झटक्यापासून जाग येऊ शकते असं म्हटलं आहे. खिडकीखाली वाजलेला एक हॉर्न यापेक्षा कितीतरी वर असतो.

त्याच संघटनेच्या २०१८ च्या युरोपसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत रस्त्याच्या आवाजासाठी दिवस-रात्र मिळून ५३ आणि फक्त रात्रीसाठी ४५, विमानांसाठी ४५ आणि ४०, रेल्वेसाठी ५४ आणि ४४ डेसिबलच्या खाली राहावं अशी ठाम शिफारस आहे. रस्त्याचा आवाज ५३ च्या वर दर १० डेसिबलने वाढला की हृदयाला रक्त कमी पडण्याच्या आजाराचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, हा त्यातला आकडा. युरोपातल्या विमानतळांभोवती झालेल्या हायना अभ्यासात रात्रीच्या विमानांचा आवाज १० डेसिबलने वाढल्यावर उच्च रक्तदाब असण्याची शक्यता १४ टक्क्यांनी जास्त आढळली.

८ टक्के ऐकायला कमी वाटतं. पण रस्त्याकडेला राहणारे लोक लाखांनी आहेत, म्हणून एकूण आजाराचा बोजा मोठा होतो. याच कारणाने एक विनंतीही करतो. 'अमक्याचा मृत्यू डीजेमुळेच झाला' असं एका माणसाबद्दल शवविच्छेदन आणि पूर्वेतिहासाशिवाय म्हणू नका. पुरावा लोकसमूहाच्या धोक्याचा आहे आणि तो पुरेसा भक्कम आहे, त्याला अतिशयोक्तीची जोड लागत नाही.

मुलांबद्दल: २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या रँच अभ्यासात हीथ्रो, स्किपोल आणि माद्रिदच्या बाराखास विमानतळांजवळच्या ८९ शाळांतली २८४४ मुलं तपासली होती. विमानांचा आवाज जास्त तिथे वाचनाचं आकलन कमी. ब्रिटनमधल्या मुलांत ५ डेसिबलच्या फरकाला वाचनवयात सुमारे दोन महिन्यांची पिछेहाट. शाळा हमरस्त्याला लागून असेल तर निदान वाचनाचे तास मागच्या बाजूच्या वर्गात घ्यावेत, एवढं कोणतीही शाळा समिती ठरवू शकते.

---

पश्चिमघाट

वाचनखूण साठवली. एक शंका. खिडकीच्या काचा थरथरतात, छातीत धडधड जाणवते, आणि मोबाइलवर आकडा दिसतो ६८. मंडळवाले तोच आकडा दाखवून 'बघा, काही नाही' म्हणतात. मीटर चुकतो का?

---

अभियंता_७३

मीटर चुकत नाही, प्रश्न चुकीच्या मापाला विचारला जातोय. डॉल्बीच्या सगळ्या वादाची किल्ली इथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नियमातलं माप डीबीए, म्हणजे ए-भारित. मंद आवाजाला माणसाचा कान खालच्या पट्टीत कमी संवेदनशील असतो, म्हणून ए-भार देताना खालच्या पट्टीतून आकडे वजा केले जातात. १००० हर्ट्झला वजाबाकी शून्य. १२५ ला १६, ६३ ला २६, ५० ला ३०, ३१.५ ला ३९ डेसिबल. आता ५० हर्ट्झचा बेस तुमच्या खिडकीवर ९५ डेसिबलने आदळतोय असं धरा. डीबीएमध्ये तो दिसणार ६५.

पुढचा भाग त्याहून महत्त्वाचा. भिंत आणि काच वरच्या पट्टीतला आवाज चांगला अडवतात, खालचा जवळजवळ सोडून देतात. ५० हर्ट्झची लाट सुमारे ७ मीटर लांब असते. ती ४ मिलिमीटरच्या काचेला ढोलाच्या पानासारखी हलवते आणि खोलीच्या लांबीशी जुळली तर आत आणखी घुमते. गाण्याचे शब्द बाहेर राहतात, ठोके घरात येतात.

उपाय: मीटरवर ए आणि सी दोन्ही मापं घ्या. सी-भारात खालची वजाबाकी नाममात्र असते. सीमधून ए वजा करून फरक १५ ते २० किंवा जास्त आला तर आवाज बेसप्रधान आहे हे कागदावर दाखवता येतं. कायद्याची मर्यादा ए मध्येच आहे, त्यामुळे सीच्या आकड्यावर गुन्हा होणार नाही. पण अर्जात दोन्ही लिहिले की 'काचा थरथरतात' ही तक्रार भावनेची राहत नाही.

मोजणीची पद्धत, जिच्यात चूक झाली की सगळं पाण्यात जातं:

मीटर आयईसी ६१६७२ मानकाचा, वर्ग १ किंवा निदान वर्ग २. मोजणीच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेटरने (ठरलेला आवाज देणाऱ्या तपासणी यंत्राने) ९४ डेसिबल, १००० हर्ट्झ तपासून दोन्ही आकडे लिहायचे. दोन्हीत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर ती मोजणी टाकून द्या. माइकवर स्पंजची टोपी हवीच, नाहीतर वारा स्वतःच ७० दाखवतो. उंची जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर, भिंतीपासून शक्यतो साडेतीन मीटर लांब. भिंतीच्या एक-दोन मीटर जवळ बाहेर मोजलं तर परावर्तनामुळे सुमारे ३ डेसिबल जास्त येतात, आणि समोरचा पक्ष नेमकं हेच पकडतो. गॅलरीत मोजलं असेल तर तसं लिहून ठेवा.

एलइक्यू निदान १५ मिनिटं. मग आवाज थांबल्यावर त्याच जागी पार्श्वभूमीचा (आसपासचा नेहमीचा) आवाज मोजा. फरक १० पेक्षा जास्त असेल तर काही वजा करायला नको. फरक ५ असेल तर सुमारे दीड, ३ असेल तर ३ वजा करा. ३ पेक्षा कमी असेल तर त्या स्रोताचा आवाज वेगळा काढताच येत नाही, सरळ तसं लिहा.

मोबाइलबद्दल: नायोशचं मोफत अॅप आयफोनवर साधारण दोन डेसिबलच्या आत बरोबर येतं असं त्यांच्या चाचण्यांत दिसलं. अँड्रॉइडवर प्रत्येक फोनचा माइक वेगळा, त्यामुळे एखाद्या वर्ग २ मीटरशेजारी ठेवून फरक काढल्याशिवाय विश्वास ठेवू नका. शंभरीच्या आसपास बऱ्याच फोनांचा माइक तुंबतो आणि आकडा पुढे सरकत नाही. शिवाय बोलणं स्पष्ट यावं म्हणून फोन खालची पट्टी आपणहून कापतात. पश्चिमघाट, तुमच्या ६८ मध्ये हे दुसरं कारणही असू शकतं.

---

वकील_सातारा

कायद्याबद्दल एक मोठा गैरसमज दूर करतो. '७५ डेसिबलपर्यंत परवानगी आहे' हे वाक्य पोलीस ठाण्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धवट आहे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, बाकी रात्र. मानकं अशी, दिवस आणि रात्र: औद्योगिक ७५ आणि ७०, व्यापारी ६५ आणि ५५, निवासी ५५ आणि ४५, शांतता क्षेत्र ५० आणि ४०. नियम ५ चा उपनियम ४ वाचा. ध्वनिवर्धक किंवा इतर स्रोत असलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या क्षेत्राच्या मानकापेक्षा १० डेसिबल जास्त, किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५. पंच्याहत्तरी फक्त व्यापारी आणि औद्योगिक भागात लागू होते. खासगी जागेतल्या यंत्रणेला हद्दीवर फक्त ५ ची सवलत, म्हणजे बंगल्यातल्या हळदीच्या डीजेला निवासी भागात ६०.

रात्री १० नंतर बंद सभागृह वगळता ध्वनिवर्धक बंद. नियमात 'वाद्य' आणि 'आवाज निर्माण करणारं साधन' हेही शब्द आहेत. ढोल-ताशा त्यातून सुटत नाही. राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते आणि जिल्हाधिकारी ती यादी जाहीर करतात. सूट वेळेची असते, पातळीची नाही. शांतता क्षेत्राला ती सूट मिळत नाही. २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री हॉर्न आणि आवाज करणारी बांधकाम यंत्रंही बंद केली आहेत, हे बिल्डरांना आवर्जून दाखवा.

शांतता क्षेत्राची एक मेख. १० ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र होत नाहीत. म्हणून रुग्णालयाजवळची तक्रार करताना आधी क्षेत्र अधिसूचित आहे का ते माहिती अधिकारात विचारा. नसेल तर निवासी किंवा व्यापारी मानकावर तक्रार करा. नुसता फलक पाहून 'शांतता क्षेत्राचा भंग' लिहिलं तर अर्ज त्याच मुद्द्यावर उडू शकतो.

न्यायालयं: सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा निकाल पाया आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं स्पष्ट केलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं आणि पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न मागता, न उघड करता कारवाई करावी असे निर्देश दिले. गल्लीत राहणाऱ्या माणसासाठी हा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा.

तक्रारीचा क्रम:

आधी ११२. पत्ता, आवाजाचा प्रकार, सुरू झाल्याची वेळ एवढंच सांगा आणि घटना क्रमांक लिहून घ्या. 'माझं नाव मंडळाला कळवू नये' हे वाक्य त्याच फोनवर बोला. अर्ध्या तासात फरक पडला नाही तर पुन्हा फोन, नवा क्रमांक. दुसऱ्या दिवशी या क्रमांकांसह लेखी अर्ज पोलीस ठाण्यात आणि प्रत उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्तांकडे, पोच घेऊन. अर्जात तीन मागण्या: मोजणी केली असेल तर पंचनाम्याची प्रत, ध्वनिवर्धक परवान्याची प्रत, मीटरच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्राची प्रत. न मिळाल्यास माहिती अधिकार. परवाना नसेल तर डेसिबल मोजायची गरजच उरत नाही, विनापरवाना ध्वनिवर्धक हाच भंग.

शिक्षेबद्दल जुनी माहिती फिरते. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मधली पाच वर्षांची कैद जनविश्वास कायद्यामुळे १ एप्रिल २०२४ पासून गेली. आता १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे. फलकांवर अजून 'पाच वर्षे कारावास' छापतात, ते बदलायला हवं.

---

गोवेकर

गोव्यातही नियम हेच. हणजूण-वागातोर पट्ट्यात खरी अडचण 'हद्द' या शब्दाची. मीटर क्लबच्या दारात धरतात आणि बेस टेकडीवरून पलीकडच्या वाड्यावर उतरतो. अभियंता म्हणतात तसं ए आणि सी दोन्ही आकडे घरापाशी घ्यायला हवेत.

---

साउंडवाला_कोल्हापूर

यंत्रणा लावणाऱ्यांच्या बाजूचं गणित देतो, कारण मंडळांना हे कोणी सांगत नाही.

१ मीटरवर ९० डीबीए देणारा एक स्पीकर मोकळ्या मैदानात ६५ ला उतरायला सुमारे १८ मीटर लागतात, कारण अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. सेटअप १ मीटरवर १३० देत असेल तर ६५ ची रेषा जवळपास पावणेदोन किलोमीटरवर जाते. गल्लीत तर दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे आवाज याहून हळू उतरतो. आवाज थोडा कमी करून स्पीकरची ही भिंत नियमात बसणार नाही. निवासी रस्त्यावर ती बसूच शकत नाही, हे हिशेबातून दिसतं. मंडळाने सुपारी देतानाच हे समजून घ्यावं.

स्थिर मंडपासाठी करता येण्यासारखं बरंच आहे. एका टोकाला दोन मोठ्या टॉप-बेसऐवजी दर ८-१० मीटरवर छोटे स्पीकर, खाली झुकवून, प्रेक्षकांकडे तोंड करून. प्रत्येकाला कमी आवाज पुरतो. बेसला ४५ हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा. त्याखालचं भजनाला, भाषणाला, आरतीला लागतच नाही आणि शेजाऱ्याला सगळ्यात जास्त तेच पोचतं. मागे इमारत असेल तर तीन बेस एकावर एक रचून मधला उलटा फिरवा, त्याची पोलॅरिटी (धन-ऋण जोडणी) उलटी करा आणि डिले द्या, म्हणजे त्याचा आवाज किंचित उशिरा सोडा. पुढच्या-मागच्या तोंडांमधलं अंतर १.२ मीटर असेल तर सुमारे ३.५ मिलिसेकंद. नीट जमलं तर मागच्या बाजूला १० डेसिबलच्या वर घट मिळते. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे मधल्या खोक्याचा अॅम्प्लिफायर वेगळ्या गेनवर (आवाज वाढवण्याच्या पातळीवर) असतो, मग रद्द होणं राहतं आणि उलट पुढचा बेस पोकळ होतो. तिन्हीचा गेन आधी एकसारखा करा.

लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारी सोय) मिक्सरच्या नंतर, प्रोसेसरमध्ये, आणि त्याला पासवर्ड. हद्दीवर माणूस उभा करून मीटरवर ६२-६३ आला की तिथेच लिमिट लावायचं. रात्री गर्दी ओसरली की आवाज शोषणारी माणसं कमी होतात आणि आसपासची वाहतूकही थांबते, तेव्हा तोच आवाज जास्त बोचतो. नऊनंतर आणखी ३ खाली घ्या.

---

टिपरू

ढोल-ताशाला डीजेच्या ओळीत बसवणं पटत नाही. पथकाचा आवाज पुढे सरकत राहतो, एका घरासमोर दहा मिनिटं. भिंत चौकात तासभर उभी असते.

---

अभियंता_७३

टिपरू, शेजाऱ्यांच्या बाबतीत तुमचा मुद्दा रास्त आहे. वेळ कमी म्हणजे मात्रा कमी, आणि ढोलात ४० हर्ट्झखालची सततची ऊर्जाही तशी नसते. एकाच चौकात चार पथकं ओळीने थांबली की मात्र हिशेब बदलतो. वादकांच्या बाबतीत तर उलटच आहे. ताशा कानापासून हातभर अंतरावर, आवाज टणक आणि झटक्यांचा, आणि सराव आठवड्यांमागून आठवडे संध्याकाळचे दोन-तीन तास.

---

कर्णवैद्य

दुजोरा. पथकांनी सरावाच्या पहिल्या दिवसापासून कानात बोळे सक्तीचे करावेत, मिरवणुकीच्या दिवशी आठवण करून उपयोग नाही. कापूस चालत नाही, त्याने आवाज नावापुरताच अडतो. फोमचे बोळे घ्या. घालण्याची पद्धत चुकते म्हणून लोक 'उपयोग नाही' म्हणतात: बोळा बोटांत वळून बारीक, सुरकुती नसलेली नळी करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. समोरून पाहिल्यावर बोळा बाहेर डोकावत असेल तर तो नीट बसलेला नाही. पाकिटावर ३० च्या आसपास आकडा असतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्मं धरा. १०० चा आवाज ८५ झाला तरी १५ मिनिटांची मुभा आठ तासांची होते.

संगीत नीट ऐकू यावं असं वाटत असेल तर वादकांसाठी फिल्टरचे बोळे मिळतात. बेस आणि वरची पट्टी सारखीच कमी होते, ताल चुकत नाही. तान्ह्या बाळांना फोमचे बोळे घालू नका, कानात अडकतात किंवा घशात जाऊ शकतात. त्यांच्यासाठी डोक्यावरून घालायचे मफ. खरं तर बाळाला तिथून दूर नेणं हाच उपाय. पथकाने मोसमाआधी आणि मोसमानंतर ऑडिओग्राम करून घ्यावा. दुसरी तपासणी आवाजापासून निदान दोन दिवस लांब राहिल्यावर, नाहीतर तात्पुरता थकवाच मोजला जाईल.

---

मृण्मयी_जी

सणांचे दिवस संपतात, रस्ता संपत नाही. बसस्टॉपसमोरच्या पहिल्या मजल्याला काय करता येईल? खिडक्यांवर लोक बराच खर्च करतात आणि मग निराश होतात.

---

अभियंता_७३

निराशेचं कारण बहुधा फट असते. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का भाग उघडा असेल तर बाकी भिंत कितीही जाड असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीत दोन पल्ल्यांच्या मधे ब्रश असतो, हवा जाते तिथून आवाजही जातो. त्यामुळे नुसती काच जाड केली की पैसे फुकट.

आधी फटी शोधा. रात्री खोलीत अंधार करून बाहेरून टॉर्च फिरवा, प्रकाश दिसेल तिथे गळती. एसीच्या पाइपचं भोक, एक्झॉस्टची जागा, चौकट आणि भिंत यांमधली पोकळी, दाराखालची फट. सिलिकॉन आणि रबरी गॅस्केटने आधी हे भरा, मग खिडकीकडे वळा. सरकत्या पल्ल्यांऐवजी बिजागरीचे, दाबून बंद होणारे पल्ले. सगळ्यात परिणामकारक म्हणजे जुनी खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी खिडकी, मधे निदान १०० मिलिमीटर पोकळी, दोन काचांची जाडी वेगळी, आतली शक्यतो लॅमिनेटेड. दोन्ही काचा सारख्याच जाडीच्या असल्या तर दोन्ही एकाच पट्टीत कमकुवत पडतात. बाजारातल्या डबल ग्लेझिंगमधली १२ मिलिमीटरची पोकळी उष्णतेसाठी ठीक, रहदारीच्या घरघरीसाठी अपुरी. हवा येण्याची सोय शांत बाजूने करा, नाहीतर उन्हाळ्यात खिडकी उघडावीच लागते आणि केलेलं सगळं वाया जातं.

भिंतीला फोम, अंड्यांचे ट्रे, जाड पडदे: यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. झाडांची एक रांग मनाला बरी वाटते, मीटरला कळत नाही. रस्त्याकडेच्या भिंतीचा उपयोग वाहन नजरेआड होत असेल तेवढाच, वरच्या मजल्यांना नाहीच. सगळ्यात स्वस्त उपाय झोपण्याची खोली मागच्या बाजूला नेणं.

---

वकील_सातारा

हॉर्नसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-फ आहे: विनाकारण हॉर्न, पहिल्यांदा १००० रुपये, पुढे २०००. बदललेला सायलेन्सर हा वेगळा गुन्हा. मुंबई वाहतूक पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये काही सिग्नलला डेसिबल मीटर जोडला होता. ८५ च्या वर हॉर्न वाजले की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. थांबलेल्या वाहनाने हॉर्न वाजवून काही साध्य होत नाही हे चालकाला तिथल्या तिथे कळतं. ज्या चौकाला लागून रुग्णालय आहे तिथे महापालिकेकडे याची मागणी करायला हरकत नाही.

---

पश्चिमघाट

सगळ्यांचे आभार. अर्जाला जोडायची नोंद कशी असावी? एक नमुना मिळाला तर सोसायटीत वाटता येईल.

---

निनाद_ठाणे

एका ओळीत एक मोजणी, हे रकाने:

तारीख | सुरू आणि बंद वेळ | मोजणीची जागा, मजला, भिंतीपासून अंतर | स्रोत आणि अंदाजे अंतर | एलइक्यू ए | एलइक्यू सी | सर्वोच्च पातळी | आवाज थांबल्यावर पार्श्वभूमी | मीटर, वर्ग, कॅलिब्रेशन आधी आणि नंतर | ११२ चा घटना क्रमांक | पोलीस आल्याची वेळ

मोबाइलने मोजलं असेल तर मीटरच्या रकान्यात फोनचं मॉडेल आणि अॅपचं नाव लिहा, 'मीटर' लिहू नका. खिडकी उघडी होती की बंद हे जागेच्या रकान्यात हवंच. उघड्या खिडकीतून आत येताना आवाज साधारण १० ते १५ डेसिबल उतरतो, त्यामुळे घरातला आणि बाहेरचा आकडा एकाच रकान्यात मिसळले तर सगळी नोंद निरुपयोगी होते.

---

अभियंता_७३

एक रकाना वाढवा: पाऊस आणि वारा. ओल्या रस्त्यावर टायरचा आवाज वाढतो आणि पत्र्यावरच्या पावसात पार्श्वभूमीच वर जाते. भाद्रपदात या कारणाने बऱ्याच मोजण्या रद्द कराव्या लागतात.

---

निनाद_ठाणे

वाढवला.